डाव्या बाजूचा आवाज

भगवंतराव गावंड्यांची बायको फेब्रुवारीत अकोल्याला मुलाकडे निघून गेली, आणि तिला परत आणायला त्यांनी जो उपाय शोधला तो ऐकून शेजारच्या पार्बताबाईंनी कपाळाला हात लावला. भगवंतरावांनी कॉम्प्युटरला नवं साउंड कार्ड बसवायचं ठरवलं होतं.

दुसरा कोणी असता तर अमरावतीच्या बसस्टँडवर जाऊन सरळ अकोल्याची गाडी पकडली असती. निदान फोन करून दोन गोड शब्द बोलला असता. पण भगवंतराव जन्मभर नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात स्टोअरकीपर राहिलेले. मशीन बंद पडली की कोणता भाग गेला ते विचारायचं, कपाटातून नवा काढून द्यायचा, मशीन चालू. माणसांचंही असंच असतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांच्या संसारात बिघडलेला भाग म्हणजे घरातला गाण्यांचा आवाज, असं त्यांनी स्वतःशी पक्कं केलं होतं.

तसं मानायला थोडीफार जागा होती. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी आंघोळ झाली की मुलाच्या, कुलदीपच्या, जुन्या कॉम्प्युटरपुढे बसत. घरातल्या साऱ्या कॅसेटी कुलदीपनं त्यात उतरवून दिल्या होत्या. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या गावची खंजिरीची भजनं, दंडारीची नाचगाणी, कुणाकुणाच्या लग्नातली गाणी, आणि सगळ्यांत लाडकी कॅसेट कुलदीपच्या बारशाची. हे सगळं स्पीकरवर चाले, आणि वर्षागणिक त्या स्पीकरचा कान पिळला जाऊन आवाज वाढतच गेला होता. हे घर आहे की मंडप, असं त्यांची बायको, आशाबाई, विचारत. कंटाळून कुलदीपनं दिवाळीत हेडफोन आणून दिला. भगवंतरावांनी तो एकदा लावला, डाव्या बाजूनं काही येत नाही आणि वर घूं घूं होते म्हणून डब्यात घालून ठेवला, आणि मंडप पुन्हा सुरू झाला.

पण आशाबाई गेल्या त्या गाण्यांमुळे नव्हे. तो किस्सा वेगळा होता.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टरांनी आधी उजव्याचं ऑपरेशन करू, मग थोड्या दिवसांनी डाव्याचं, असं सांगितलं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी नवरा-बायको घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आशाबाई नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या डाव्या हाताला. बाईनं नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसावं हे लग्न होऊन आल्याबरोबर सासूनं सांगितलेलं, आणि ओटा असो, लग्नाची पंगत असो की एसटीचा बाक, आशाबाईंनी ते कधी मोडलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ऑपरेशनची तारीख सांगितली. मला भीती वाटते, तुम्ही सोबत चला, असंही म्हणाल्या. भगवंतराव शेंगा सोलत राहिले. हो नाही, नाही नाही. आशाबाईंनी जरा वाट पाहिली आणि सूप उचलून आत गेल्या.

हे झालं आशाबाईंचं म्हणणं. भगवंतरावांचं म्हणणं असं, की त्या संध्याकाळी ओटा होता, शेंगा होत्या, आशाबाईही होत्या, पण ऑपरेशनचं नाव कुणी काढलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ते कारखान्यातल्या जुन्या दोस्ताकडे सत्यनारायणाला नांदगाव पेठेला गेले. परत आले तर दाराला कुलूप. ओट्यावर ताटकळत बसले, आणि अंधार पडता पडता दारात ऑटो थांबला. पार्बताबाईंनी हात धरून आशाबाईंना उतरवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. पट्टी पाहून भगवंतरावांचा जीव चरकला, अगदी खरोखर चरकला, पण या माणसाचा जीव चरकला की तोंडातून राग बाहेर पडतो. न सांगता ऑपरेशन करून आलीस म्हणून ते भडकले. सांगितलं होतं, ओट्यावर सांगितलं होतं, असं आशाबाई म्हणाल्या. तेव्हा भगवंतरावांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“खोटं बोलून राहिली तू,” भगवंतराव म्हणाले, आणि तेही पार्बताबाईंच्या देखत.

आशाबाईंनी अंबादेवीची शपथ घेतली. देवीला मध्ये आणू नको असं हे म्हणाले. आईचा डोळा बघायला कुलदीप अकोल्याहून गाडी घेऊन आला, तेव्हा डोळ्यात घालायचे थेंब आणि चार लुगडी पिशवीत भरून त्या त्याच गाडीत जाऊन बसल्या.

घर रिकामं झालं. आता स्पीकर छत फाटेस्तोवर वाजवला तरी बोलणारं कोणी नव्हतं, आणि नेमका आता त्यांना तो लावावासा वाटेना. कुलदीपला फोन केला की आई कशी आहे विचारत. आई चांगली आहे असं तो सांगे. आईला फोन दे म्हटलं की आई झोपली आहे. भर दुपारी, सकाळी, केव्हाही झोपलेली. शेवटी एकदा कुलदीपच वैतागून म्हणाला की बाबा, आईचं म्हणणं आहे, तुम्हाला गाणी ऐकू येतात, ती ऐकू येत नाही.

भगवंतरावांनी या वाक्यातला गाण्यांचा तेवढा भाग उचलला. गाणी कानापुरती झाली, घर शांत झालं, की बाईला यायला हरकत नाही. हेडफोन घरात होताच. कॉम्प्युटरमधून आवाज काढणारं साउंड कार्ड नवं बसवलं, त्याची डावी बाजू सुरू झाली आणि घूं घूं थांबली की काम झालं. पार्बताबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हा बेत त्यांच्या कानावर घातला.

“बाई म्हणते मी बोलते ते ऐकत नाही,” पार्बताबाई म्हणाल्या, “अन तुमी कानावर झाकणं बसवून राहिले?”

पार्बताबाईंना यंत्रातलं काय कळतं, असं म्हणून भगवंतराव राजकमल चौकाजवळ पिंटूच्या दुकानात गेले.

पिंटू चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, बोलका माणूस. त्याच्या दुकानात निम्मे कॉम्प्युटर उघडे पडलेले आणि निम्म्या कॉम्प्युटरांवर चहाचे कप ठेवलेले. सगळं ऐकून त्यानं निदान केलं, की मशीन जुनी आहे, मागचं हेडफोनचं भोक सैल झालं असणार आणि आतल्या वायरींची घरघर त्यात मिसळत असणार. बाहेरून यूएसबीला लावायचं कार्ड घ्या, स्वस्तात काम होतं. त्यानं अंगठ्याएवढं एक रंगीत कार्ड दिलं. त्याच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले होते. भगवंतरावांना आकडे आवडत.

घरी येऊन त्यांनी ते लावलं. हेडफोनच्या एका कानावर डाव्याचा एल आणि दुसऱ्यावर उजव्याचा आर ही अक्षरं बारीक होती, ती त्यांनी आधीच आशाबाईंच्या नेलपॉलिशनं ठळक करून ठेवली होती. डावं डाव्या कानाला, उजवं उजव्या कानाला. जिथली वस्तू तिथं, हा कारखान्यातला त्यांचा मंत्र, आणि त्यात त्यांच्याकडून कधी चूक झाली नव्हती.

तपासणीला त्यांनी बारशाची कॅसेट निवडली, कारण ती त्यांना पाठ होती. बारशाला कारखान्यातल्या दोस्ताचा दोन माइकचा टेपरेकॉर्डर आणला होता. एक माइक पाळण्याजवळ, एक ओसरीवर. त्यामुळे डाव्या बाजूला बायकांचा पाळणा आणि उजव्या बाजूला ओसरीवरच्या माणसांच्या गप्पा, असं चोख दोन कप्प्यांत भरलेलं होतं. स्पीकरवर दोन्ही ऐकू येत. आता हेडफोनमधून मात्र कापसाचा भाव आला, पावसाच्या तक्रारी आल्या, सूं असा एक बारीक आवाज आला. बायका आल्या नाहीत.

ते कार्ड परत घेऊन गेले. पिंटूनं ते दुकानातल्या मशीनला लावलं, दुकानातला हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि दोन्ही बाजू वाजतात म्हणून सांगितलं. तुम्हीच पाहा, म्हणून हेडफोन पुढे केला. दहा जणांच्या तेलकट डोक्यांवरून उतरलेली ती वस्तू भगवंतरावांनी बोटानंही शिवली नाही. जो माल दुकानात चालतो आणि घरी चालत नाही त्यात दोष दुकानदाराचा असतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पिंटूनं दुसरं कार्ड काढलं. काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी, एका बाजूनं वायर, पुढे आवाज कमीजास्त करायची चकती. याच्या खोक्यावर आकडे फारच साधे होते, म्हणून भगवंतरावांनी नाक मुरडलं. तेव्हा पिंटूनं त्यांना अर्धा तास समजावलं. मोठे आकडे खोक्यावर शोभतात. तुमचा हेडफोन हलका आहे, त्याला फार जोर लागत नाही, त्याला स्वच्छ आवाज लागतो. आणि ऐकता ऐकता हातानं चकती फिरवता येते याच्यासारखं सुख नाही. एवढं सांगून त्यानं वर एक तोडगाही सुचवला. कॉम्प्युटरमध्येच एक खूण करता येते, मोनो म्हणून, तिनं दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखा येतो. मग डावं-उजवं हा प्रश्नच मिटतो.

“म्हणजे बोल्ट अन वायसर एकाच खोक्यात?” भगवंतरावांनी विचारलं. “मले नाही चालत.”

काळ्या डबीनं कमाल केली, हे मात्र खरं. घूं घूं नाही, सूं नाही. ओसरीवर बसलेला मामेभाऊ खुशालराव अडकित्त्यानं सुपारी कातरतो तो कट् असा आवाज इतका लख्ख आला की भगवंतरावांना सुपारीची तल्लफ आली. पण डावी बाजू ठार. त्यांना खरंच वाईट वाटलं. वस्तू चांगली होती, हातात वजनदार होती, आणि तरी सदोष निघाली. त्यांनी ती जड अंतःकरणानं परत केली. पिंटूनं ती मशीनला जोडून हेडफोन डोक्याला लावून पाहिला आणि दोन्ही बाजू वाजतात, असं पुन्हा सांगितलं. या वेळी त्याचा आवाज जरा चढला होता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी तिथं म्हणालं नाही. पण पिंटूच्या तोंडावर ते येऊन गेलं असावं.

तेव्हा भगवंतरावांनी आपला निकाल सांगितला. बाहेर लटकणारी कार्डं कुचकामी. मशीनच्या पोटात खाचेत बसणारं कार्ड पाहिजे. याचे त्यांनी मोबाइलवर भरपूर व्हिडिओ पाहिले होते. पिंटू नको म्हणत होता. डब्याच्या आत पंखा, आत विजेची भानगड, आत कार्ड बसवलं की तीच घरघर पुन्हा मागे लागेल. हेडफोनसाठी बाहेरचंच बरं. पण गिऱ्हाइकाला पालथ्या घड्यासारखं पाहून त्यानं कार्ड घेतलं, स्कूटर काढली आणि बसवायला घरीच आला. जे काय असेल ते तुमच्या डोळ्यांदेखत, म्हणाला.

त्यानं मशीन उघडली, धूळ फुंकली, कार्ड खाचेत दाबलं, झाकण लावलं. मग भगवंतरावांचाच हेडफोन, तोच तो नेलपॉलिशचा, आपल्या डोक्यावर चढवला आणि बारशाची कॅसेट लावली. भगवंतराव त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. थोड्या वेळानं पिंटू हसला.

“डाव्या बाजूनं बायका पाळणा म्हणून राहिल्या, काकाजी. झकास येते. हे घ्या.”

भगवंतरावांनी हेडफोन घेतला. एल डाव्या कानाला, आर उजव्या कानाला. खुशालरावांनी सुपारी कातरली. कोणीतरी कापसाच्या भावाला शिवी दिली. डाव्या बाजूला काहीच नव्हतं.

मशीन तीच होती. हेडफोन तोच, कार्ड तेच, कॅसेट तीच. बदललं होतं ते एकच, आणि ते भगवंतरावांच्या दोन खांद्यांवर होतं.

“येते ना?” पिंटूनं विचारलं.

“येते,” भगवंतराव म्हणाले.

पिंटू हुश्श म्हणून निघून गेला. भगवंतराव दार लावून कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. बायकोला खोटी म्हणणारा माणूस आत्ता एका दुकानदाराशी सरळ खोटं बोलला होता, आणि तेही न अडखळता. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्यांच्या वडिलांची, शालिकरामजींची, एक रीत होती. बैलगाडी एका बाजूनं कुरकुरायला लागली की चाक वाईट आहे का चाकात बसणारा आख, हे बाहेरून कळत नाही. शालिकरामजी दोन्ही चाकं काढत आणि या बाजूचं त्या बाजूला घालत. कुरकुर चाकाबरोबर पलीकडे गेली तर चाक बदला. जागच्या जागी राहिली तर चाकाला दोष देऊ नका. भगवंतरावांनी ही गोष्ट कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या फिटरला सांगितली होती. स्वतःवर मात्र ती कधी वापरली नव्हती, कारण त्यासाठी एल लिहिलेली वस्तू उजवीकडे घालावी लागते, आणि असला गैरप्रकार त्यांच्या हातून होण्यासारखा नव्हता.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. भगवंतरावांनी हेडफोन काढला, फिरवला आणि उलटा घातला.

उजव्या कानात बायका आल्या. पाळण्याची दोरी कुरकुरत होती, बांगड्या वाजत होत्या, मावशा आणि माम्या एका सुरात पाळणा म्हणत होत्या, आणि त्यांच्यात आशाबाईंचा आवाज, बारीक, बाळंतपणानं थकलेला, पण सुरात. सगळं जिथल्या तिथं होतं. तीनही कार्डांत ते होतंच. आणि डाव्या कानावर आता ओसरी होती, खुशालराव होते, अडकित्ता होता, आणि तिथं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. उशाशी असायचं ते गजराचं घड्याळ आणून डाव्या कानाला लावलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. मोबाइल ते नेहमी उजव्या कानाला धरत. डाव्या कानावर तीसेक वर्षं पेन खोचलेलं, तिथं फोन जाणार कुठून. निवृत्त झाल्यावर पेन गेलं, सवय राहिली. कान केव्हा गेला हे त्यांना आठवेना. कान काही सांगून जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि त्यांनी तर पिंटूच्या दुकानाला तीन वळसे घातले होते.

मग त्यांना ओटा आठवला. संध्याकाळ, सूप, शेंगांचा ढीग, आणि डाव्या हाताला आशाबाई.

भगवंतराव तसेच बसून राहिले. बाई बोलली होती. मला भीती वाटते, असं तिनं सांगितलं होतं, आणि तिला भीती वाटते हे सांगायला ती आयुष्यात फार वेळा आली नव्हती. ती बोलली, थांबली, आणि हा माणूस शेंगा सोलत राहिला. मग ती शेजारणीचा हात धरून गेली, डोळा कापून आली, आणि दारात तिला काय मिळालं तर खोटी हा शब्द. त्यांना रडू आलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलं नाही.

चेहरा धुऊन आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरमध्ये शोधून ती मोनोची खूण केली आणि हेडफोन परत लावला. आता ओसरी आणि पाळणा दोन्ही एकाच कानात आले. पाळणा संपला, तेव्हा आशाबाईंचा आवाज आला: अहो, त्यायले म्हणा आत या, नाव ठेवाचं आहे. लगेच ओसरीवरून एका तरुण माणसाचा आवाज आला. तो कोणालातरी बेअरिंगचे दर सांगत होता. आशाबाईंनी पुन्हा हाक मारली. तो दर सांगतच राहिला. स्पीकरवर हे भगवंतरावांनी किती वेळा ऐकलं असेल, पण तो माणूस कोण आणि त्याला बोलावणारी कोण, हे कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तर त्याचे दोन्ही कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते अकोल्याला निघाले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. शेजारी डाव्या बाजूला बसलेला माणूस मधूनमधून काही बोलत होता. भगवंतरावांनी त्याला मान वळवून सांगितलं की भाऊ, या कानानं कमी ऐकू येते. पहिल्यांदाच ते तोंडातून निघालं. तो माणूस बरं म्हणाला आणि झोपला. इतकं सोपं असेल असं भगवंतरावांना वाटलं नव्हतं.

कुलदीप ऑफिसला गेला होता. दार सुनेनं, पौर्णिमानं, उघडलं. सासऱ्याला पाहून तिनं पदर सावरला, पाणी दिलं आणि आई गॅलरीत आहेत एवढं सांगून ती चहा ठेवायला गेली.

आशाबाई काळा चष्मा लावून गॅलरीतल्या लांब बाकावर मेथी निवडत बसल्या होत्या. नवरा आलेला त्यांनी पाहिला. चेहरा हलला नाही. पण किती राग असला तरी आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं, म्हणून त्या बाकावर सरकल्या, आणि सरकल्या त्या अशा की त्यांच्या उजव्या बाजूला जागा झाली. नवरा तिथं बसला की त्या आपोआप त्याच्या डाव्या हाताला. एवढ्या वर्षांची वळणं रागानं मोडत नाहीत.

भगवंतराव तिथं बसले नाहीत. मेथीच्या जुड्या ओलांडून ते पलीकडे गेले आणि आशाबाईंच्या दुसऱ्या बाजूला टेकले.

“तिकडं काहून बसता?” आशाबाई म्हणाल्या.

“माया डावा कान गेला,” भगवंतराव म्हणाले. “काल समजलं मले.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिंटू, तीन कार्डं, खुशालरावांची सुपारी, उलटा हेडफोन, गजराचं घड्याळ. आशाबाई मेथी निवडत ऐकत होत्या. पौर्णिमा चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. शेवटी सांगायचं होतं ते भगवंतरावांनी सांगितलं.

“तू ओट्यावर बोलली होती. मले ऐकू आलं नाही, अन मी तुले खोटी म्हटलं. पार्बताबाईसमोर म्हटलं. परत जाऊन त्यायच्याच समोर सांगतो, का खोटी तू नव्हती.”

आशाबाईंनी चष्मा काढला. उजवा डोळा आता निवळला होता. डावा अजून धुरकट होता. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. विश्वास ठेवण्याआधी खात्री करून घ्यायची त्यांची पद्धत होती. त्या उठल्या, वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेल्या आणि कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. बोलणं जरा लांबलं. दारात आलेली पौर्णिमा खाली पाहून आत निघून गेली.

“काय म्हटलं?” भगवंतरावांनी विचारलं.

आशाबाई परत येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ताज्या ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून त्या रुमालानं अलगद टिपत राहिल्या. हा माणूस ऐकून गप्प बसतो, असं समजून त्या किती दिवस कुढल्या होत्या. त्याला ऐकूच येत नव्हतं हे कळल्यावर बरं वाटावं की आणखी वाईट, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं.

“सारं कान गेला म्हणूनच झालं, असंही नाही,” भगवंतराव म्हणाले. “बारशाच्या दिवशी तू आवाज देऊन राहिली होती. तवा तर कान होता.”

“ते मले ठाऊक आहे,” आशाबाई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर भाजीची गाडी आली आणि गेली. भगवंतरावांनी एक जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागले. मोठी देठं ठेवत होते. आशाबाईंनी त्यांच्या हातातून काडी घेऊन कशी खुडायची ते दाखवलं.

मग आशाबाई बोलल्या. खाली मान घालून, मेथीकडे बघत, ओट्यावर बोलल्या होत्या तितक्याच हळू. या वेळी मात्र त्या उजव्या बाजूला होत्या.

“दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मले भेव वाटते. संग येसान काय?”

भगवंतरावांच्या हातातली मेथी तशीच राहिली.

“येतो,” ते म्हणाले.